पासवर्ड स्क्रिप्टमध्ये नको, मग ठेवायचा कुठे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एका घाऊक व्यापाऱ्याच्या हिशेब विभागात तुम्ही ऑटोहॉटकीची (विंडोजवर कळा दाबण्याची कामं आपोआप करणारं फुकट साधन) स्क्रिप्ट बनवली आहे. एक कळ दाबली की ती ईआरपीत, म्हणजे कंपनीच्या हिशेब-साठ्याच्या सॉफ्टवेअरमध्ये, लॉगिन करते, दुसरीने मालवाहतुकीच्या ई-वे बिलाच्या सरकारी पोर्टलवर, तिसरीने पुरवठादाराच्या डीलर पोर्टलवर. तिन्ही पासवर्ड स्क्रिप्टमध्ये सरळ लिहिलेले आहेत. विभागातले आणखी चौघे ती वापरतात, म्हणून फाइल सामायिक फोल्डरमध्ये आहे. आता साहेबांनी विचारलंय, हे सुरक्षित आहे का. तुमच्या मनात दोन उपाय आहेत: स्क्रिप्टची ईएक्सई (थेट चालणारी प्रोग्राम-फाइल) करायची, नाहीतर पासवर्ड बेस-६४ मध्ये लिहायचा.

दोन्ही करू नका. बेस-६४ ही मजकूर लिहायची एक वेगळी पद्धत आहे, तिला किल्ली नसते; कुणीही ती क्षणात उलटवू शकतो. एक्सऑर (बिटांची उलटापालट) किंवा अक्षरं पुढे-मागे सरकवण्याची घरगुती युक्ती त्याच माळेतली, कारण उलटवण्याची कृती त्याच फाइलमध्ये दोन ओळी खाली लिहिलेली असते.

ईएक्सईबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण कंपाइल केलं की आतलं दिसत नाही हा समज फार घट्ट बसलाय. ऑटोहॉटकीचा कंपायलर तुमचा कोड यंत्रभाषेत नेत नाही. तो ऑटोहॉटकीचा मूळ प्रोग्राम घेतो आणि तुमच्या स्क्रिप्टचा मजकूर त्याला रिसोर्स म्हणून जोडतो. रिसोर्स हॅकर नावाचं फुकट साधन उघडा, तुमची ईएक्सई त्यात टाका, डावीकडे आरसीडेटा हा गट उघडा. उजवीकडे तुमची स्क्रिप्ट वाचता येईल, पासवर्ड अवतरणचिन्हांसकट. ऑटोइट या तशाच दुसऱ्या साधनाच्या ईएक्सईसाठी डीकंपायलर, म्हणजे ईएक्सईतून कोड परत काढणारी साधनं, आहेत. पायइन्स्टॉलरने बांधलेली पायथनची ईएक्सई सुटी करायलाही तयार साधन मिळतं. आणि साधी, कंपाइल न केलेली ऑटोहॉटकी स्क्रिप्ट चालू असेल तर एवढीही खटपट नको: घड्याळाशेजारच्या हिरव्या चिन्हावर डबल-क्लिक, व्ह्यू मेनू, व्हेरिएबल्स. ग्लोबल व्हेरिएबलमध्ये पासवर्ड असेल तर तो समोर दिसतो. स्वतःच्या मशीनवर हे एकदा करून पाहा आणि साहेबांनाही दाखवा. पुढचं सगळं त्यांना पटवून द्यायला सोपं जाईल.

आता मूळ मुद्दा. पासवर्ड कसा लपवायचा यापेक्षा तो कुणापासून लपवायचा हे आधी ठरवावं लागतं, कारण प्रत्येकासाठी उत्तर वेगळं आहे. सामायिक फोल्डर उघडणारा सहकारी, लॅपटॉप उचलून नेणारा चोर, मशीनचे ॲडमिन अधिकार असलेला माणूस आणि तुमच्याच खात्यात शिरलेला व्हायरस, हे चौघे वेगवेगळे आहेत. पहिल्या दोघांना अडवता येतं, तेही विंडोजमध्ये आधीच असलेल्या सोयीने आणि एक पैसाही न खर्चता. तिसऱ्याला फार तर उशीर होईल. चौथ्याबद्दल पुढे सांगतो.

ही सोय म्हणजे डीपीएपीआय. विंडोज २००० पासून ती आहे. तत्त्व सोपं आहे: गुप्त माहिती एका मास्टर-कीच्या आधारे कूटबद्ध होते आणि ती मास्टर-की तुमच्या विंडोज लॉगिनच्या पासवर्डाशी बांधलेली असते. त्यामुळे किल्ली स्क्रिप्टमध्ये ठेवायची वेळच येत नाही. तुम्ही लॉगिन केलंत, तर उघडेल. दुसऱ्याने त्याच्या खात्यातून तीच फाइल उघडली, तर हाती कचरा येईल. दुसऱ्या मशीनवर नेली तरी तेच. फोल्डर कितीही सामायिक असू दे, स्क्रिप्ट व्हॉट्सॲपवर कितीही फिरू दे, तिच्यात आता पासवर्ड नाही. फक्त नोंदीचं नाव आहे.

डीपीएपीआय थेट वापरण्यापेक्षा तिच्यावरच उभं असलेलं क्रेडेन्शियल मॅनेजर वापरा. कंट्रोल पॅनेलमध्ये ते सापडेल. त्यात विंडोज क्रेडेन्शियल्सखाली तीन प्रकार दिसतात. तुम्हाला हवा तो जेनेरिक. हे मुद्दाम सांगतो, कारण बरेच जण पहिल्या दुव्यावर क्लिक करून विंडोज क्रेडेन्शियल बनवतात आणि मग स्क्रिप्टला पासवर्ड रिकामा का मिळतो म्हणून डोकं खाजवतात. तो प्रकार नेटवर्कवरच्या लॉगिनसाठी आहे आणि त्यातला पासवर्ड विंडोज साध्या प्रोग्रामच्या हाती देत नाही. जेनेरिक नोंदीत पत्त्याच्या जागी तुम्ही ठरवलेलं नाव लिहा, उदाहरणार्थ ‘हिशेब-ईआरपी’, खाली युजरनेम आणि पासवर्ड. युजरनेमही इथेच ठेवा. पासवर्ड बदलायची वेळ आली की हीच नोंद बदलायची, स्क्रिप्टला हात लावायचा नाही.

नोंद कमांड प्रॉम्प्टवरून सीएमडी-की या कमांडने करायची असेल तर पासवर्ड त्याच ओळीत लिहू नका. पासवर्डाचा पर्याय मोकळा सोडला की ती कमांड स्वतःच विचारते. ओळीत लिहिलेला पासवर्ड त्या प्रोसेसच्या कमांड-लाइनमध्ये दिसतो, आणि कंपनीने ऑडिट चालू केलेलं असेल तर विंडोजच्या सुरक्षा-नोंदीत इव्हेंट ४६८८ मध्ये कायमचा नोंदला जातो. पॉवरशेल या विंडोजच्या दुसऱ्या कमांड-खिडकीत टाइप केलेल्या कमांडही इतिहासाच्या साध्या मजकूर-फाइलमध्ये साठत असतात.

वाचण्यासाठी ऑटोहॉटकीतून ॲडव्हएपीआय-३२ या विंडोजच्या लायब्ररीतलं क्रेडरीड फंक्शन डीएलएलकॉलने बोलवायचं. तयार फंक्शन इंटरनेटवर मिळतात, पण घेताना एक गोष्ट तपासा. हे फंक्शन पासवर्डाची लांबी बाइटमध्ये देतं, अक्षरांमध्ये नाही. कंट्रोल पॅनेलमधून ठेवलेला पासवर्ड यूटीएफ-१६ असतो, म्हणजे एका अक्षराला दोन बाइट, आणि शेवटी शून्य असेलच असं नाही. लांबी दोनने भागली नाही, तर पासवर्डाच्या मागे मेमरीतलं भलतंसलतं चिकटून येतं आणि लॉगिन कधी होतं, कधी होत नाही. असा दोष शोधण्यात माणसाची अख्खी दुपार जाते. काम झालं की क्रेडफ्री बोलवा, आणि पासवर्ड ग्लोबल व्हेरिएबलमध्ये न ठेवता फंक्शनच्या आतच घ्या, तिथेच वापरा, तिथेच सोडा.

पायथनवाल्यांना हे सगळं कीरिंग या लायब्ररीतून आयतं मिळतं. विंडोजवर ती हेच क्रेडेन्शियल मॅनेजर वापरते, मॅकवर कीचेन. पॉवरशेलमध्ये गेट-क्रेडेन्शियलचं उत्तर एक्सपोर्ट-सीएलआय-एक्सएमएलने फाइलमध्ये ठेवलं तर तेही डीपीएपीआयखाली जातं. मात्र फक्त विंडोजवर. लिनक्स किंवा मॅकवरचं पॉवरशेल तीच फाइल कूटबद्ध न करता लिहितं, हे मायक्रोसॉफ्टच्या कागदपत्रातच लिहिलेलं आहे. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलचा सल्ला बऱ्याच ठिकाणी दिसेल. सर्व्हरच्या जगात त्याला जागा आहे, पण तुमच्या डेस्कटॉपवर सेट-एक्स कमांडने तो ठेवला की पासवर्ड रजिस्ट्रीत उघडा पडून राहतो. म्हणजे आपण पुन्हा सुरुवातीलाच.

आता चौथा माणूस, म्हणजे तुमच्या खात्यात शिरलेला व्हायरस. डीपीएपीआय ‘हा कोणता युजर’ एवढंच विचारते, ‘हा कोणता प्रोग्राम’ हे विचारत नाही. तुमची स्क्रिप्ट जी नोंद वाचू शकते, ती तुमच्या खात्यात चालणारा कोणताही प्रोग्राम वाचू शकतो. ही उणीव खरी आहे. क्रोमही विंडोजवर पासवर्ड आणि कुकी याच सोयीने जपत असे. त्या चोरणारी मालवेअर इतकी बोकाळली की जुलै २०२४ मध्ये क्रोम १२७ पासून गूगलने कुकींसाठी ॲपशी बांधलेलं वेगळं कूटबद्धीकरण आणलं, आणि कारण म्हणून नेमकी हीच मर्यादा सांगितली. एवढ्या मोठ्या कंपनीला हे वेगळं करावं लागलं, तर आपल्या चाळीस ओळींच्या स्क्रिप्टकडून ती अपेक्षा धरू नये. तिथे उपयोगी पडतात त्या वेगळ्या गोष्टी: रोजच्या कामाला ॲडमिन नसलेलं खातं, क्रॅक केलेली सॉफ्टवेअर मशीनवर न येऊ देणं, आणि ज्या खात्याचा पासवर्ड साठवलाय त्या खात्याला कमीत कमी अधिकार देणं.

आणि इथेच मला तुमच्या कार्यालयाबद्दल खरी काळजी वाटते. चौघे ती स्क्रिप्ट वापरतात असं तुम्ही लिहिलंय. चौघांची विंडोज लॉगिन वेगळी आहेत का? पुण्यात आणि आसपास अशी कामं करताना मला छोट्या कार्यालयांत पुन्हा पुन्हा दिसलेलं चित्र असं: सगळ्या मशीनवर ‘ऑफिस’ नावाचं एकच खातं, पासवर्ड नाही किंवा सगळ्यांना पाठ, आणि संगणक दुरुस्तीवाल्यासाठी रिमोट सॉफ्टवेअर कायम चालू. अशा ठिकाणी डीपीएपीआय म्हणजे दाराला भारी कुलूप आणि किल्ली तिथेच खिळ्याला टांगलेली. खात्याचा पासवर्ड कच्चा असेल तर डिस्क काढून नेणाऱ्यालाही फार कष्ट पडत नाहीत. म्हणून पहिलं काम स्क्रिप्टचं नाही: प्रत्येकाला स्वतःचं विंडोज खातं, त्याला धड पासवर्ड, जागेवरून उठताना विंडोज कळ आणि एल. बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (अख्खी डिस्क कूटबद्ध करण्याची विंडोजची सोय) चालू करता येत असेल तर तेही. हे झालं की मग क्रेडेन्शियल मॅनेजरला अर्थ येतो. चौघांनी आपापल्या खात्यात एकदाच नोंद करायची. कुणी नोकरी सोडली तर त्याची नोंद त्याच्या खात्याबरोबर जाते.

एक सावधगिरी. स्थानिक खात्याचा पासवर्ड ॲडमिनने बाहेरून रीसेट केला तर त्या खात्यातल्या डीपीएपीआयच्या नोंदी उघडत नाहीत. स्वतः आत जाऊन बदलला तर काही बिघडत नाही. तेव्हा क्रेडेन्शियल मॅनेजर ही पासवर्डाची एकमेव प्रत समजू नका. मूळ प्रत कीपाससारख्या पासवर्ड मॅनेजरमध्ये असू द्या.

साठवणीवर सगळे बोलतात. पासवर्ड योग्य खिडकीत कसा पोचवायचा यावर कुणी फारसं बोलत नाही, आणि मी पाहिलेली बहुतेक गळती तिथेच झालेली आहे. तुमची स्क्रिप्ट ऑटोहॉटकीच्या सेंड या कमांडने अक्षरं टाइप करते. ती अक्षरं त्या क्षणी जी खिडकी पुढे असेल तिथे जातात. ईआरपी उघडायला तीन सेकंद जास्त लागले, तेवढ्यात तुम्ही व्हॉट्सॲपवर क्लिक केलं, तर पासवर्ड विभागाच्या ग्रुपमध्ये पडतो, आणि पाठोपाठ एंटर असतोच. म्हणून ठरावीक सेकंद थांबणारा स्लीप काढून टाका. खिडकी पुढे आली का हे विन-वेट-ॲक्टिव्हने पाहा, ठरावीक वेळात आली नाही तर काहीही टाइप न करता थांबा, आणि पासवर्डाच्या अगदी आधी पुन्हा एकदा तपासा. ओळख नुसत्या शीर्षकावरून नको, ईएक्सईच्या नावावरून करा. ईआरपीची खिडकी जुन्या पद्धतीच्या विंडोज कंट्रोलची असेल तर कंट्रोल-सेट-टेक्स्ट वापरा. ते थेट त्या चौकटीत मजकूर भरतं, कीबोर्डचा संबंधच येत नाही. तुमच्याकडे हे चालत असेल तर दुसरं काही पाहूच नका.

टाइपच करावं लागलं तर साधं सेंड नको, सेंड-टेक्स्ट. साध्या सेंडमध्ये # म्हणजे विंडोज कळ, ! म्हणजे ऑल्ट, ^ म्हणजे कंट्रोल, + म्हणजे शिफ्ट. पासवर्डात # आणि त्यामागे २ असेल तर टास्कबारवरचा दुसरा प्रोग्राम उघडतो आणि उरलेला पासवर्ड त्या प्रोग्राममध्ये टाइप होतो. असं झालं की लोक पासवर्डातली चिन्हंच काढून टाकतात, म्हणजे स्क्रिप्टच्या सोयीसाठी पासवर्ड कच्चा करतात. ते करू नका. सेंड-टेक्स्टचा आपल्याकडे आणखी एक फायदा: ते अक्षर कळ म्हणून न पाठवता अक्षर म्हणूनच पाठवतं. पत्र लिहून कीबोर्ड मराठी इनस्क्रिप्टवर राहिला असेल तरी पासवर्ड इंग्रजीतच उमटतो. पायथनची पायऑटोगुई लायब्ररी कळा दाबते, त्यामुळे तिथे आधी कीबोर्ड इंग्रजीवर आणावा लागतो.

क्लिपबोर्डवरून पेस्ट करायचा मोह टाळा. विंडोज १० च्या ऑक्टोबर २०१८ च्या आवृत्तीपासून क्लिपबोर्डचा इतिहास आला. तो चालू असेल तर विंडोज कळ आणि व्ही दाबल्यावर मागच्या २५ नोंदी दिसतात, आणि सिंक चालू असेल तर त्या दुसऱ्या मशीनवरही जातात. चुकल्यावर स्क्रीनशॉट काढणारी किंवा लॉग लिहिणारी स्क्रिप्ट असेल तर लॉगिनच्या टप्प्यावर ते बंद ठेवा. चुकीच्या चौकटीत गेलेला पासवर्ड बिंदूंमध्ये दिसत नाही, जसाच्या तसा दिसतो, आणि त्याचा फोटो लॉगच्या फोल्डरमध्ये वर्षानुवर्षं राहतो.

आता वेबसाइटचं. ई-वे बिल आणि डीलर पोर्टल या दोन्ही ठिकाणी स्क्रिप्टने पासवर्ड टाइप करणं थांबवा, असं माझं स्पष्ट मत आहे. ब्राउझरच्या खिडकीचं शीर्षक ते पान स्वतः ठरवतं. हुबेहूब शीर्षकाचं बनावट पान उघडलं गेलं तर तुमची स्क्रिप्ट बिनदिक्कत पासवर्ड देऊन मोकळी होईल. पासवर्ड मॅनेजरचं ब्राउझरमधलं एक्स्टेन्शन डोमेन जुळल्याशिवाय भरत नाही. हा फरक फार मोठा आहे. शिवाय ई-वे बिलाच्या पोर्टलवर कॅप्चा आहे, आणि दुहेरी पडताळणीही टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली: १ जानेवारी २०२५ पासून २० कोटींवरच्या उलाढालीसाठी, १ फेब्रुवारीपासून ५ कोटींवर, १ एप्रिल २०२५ पासून उरलेल्या सगळ्यांसाठी. ओटीपी एसएमएसने येतो, संदेस ॲपवर येतो किंवा एनआयसी-जीएसटी-शील्ड ॲपमध्ये दिसतो. म्हणजे माणूस तिथे बसलेला असतोच. स्क्रिप्टने वाचवलेला वेळ नगण्य आहे.

त्याच पोर्टलवर सब-युजर बनवायची सोय आहे, ती मात्र जरूर वापरा. चौघांना चार सब-युजर, प्रत्येकाला त्याच्या कामापुरते अधिकार: कुणी बिल तयार करेल, कुणी रद्दही करू शकेल. पडताळणी ज्याच्या त्याच्या नोंदवलेल्या मोबाइलवर होते, त्यामुळे मालकांच्या फोनवरचा ओटीपी विचारत दिवसभर फोन करावे लागत नाहीत. आणि महत्त्वाचं म्हणजे कुणी काय केलं याचा माग राहतो. पाच जण एकाच लॉगिनने काम करतात तेव्हा उद्या एखादं बिल चुकीचं रद्द झालं तर संशय पाचही जणांवर येतो, तुमच्यावर सगळ्यात आधी, कारण स्क्रिप्ट तुमची.

ईआरपीबाबतही आधी हाच प्रश्न विक्रेत्याला विचारा: विंडोज लॉगिनवरूनच आत जायची सोय आहे का? ती असेल तर पासवर्ड साठवायचा प्रश्नच मिटतो. नसेल, तर दिवसातून एकदा विचारणं हाही चांगला मार्ग आहे: सकाळी स्क्रिप्ट सुरू होताना तारांकित इनपुट-बॉक्समध्ये पासवर्ड घ्यायचा, तो फक्त मेमरीत ठेवायचा, संध्याकाळी स्क्रिप्ट बंद झाली की गेला. इथे व्हेरिएबल दिवसभर जिवंत राहतं, म्हणून ही स्क्रिप्ट चालू असताना मशीन लॉक न करता सोडू नका. आणि ज्यांना कोड लिहायचाच नाही त्यांच्यासाठी कीपासचं ऑटो-टाइप आहे. कंट्रोल-ऑल्ट-ए दाबलं की ते खिडकीच्या शीर्षकावरून नोंद शोधून भरतं. शीर्षकाचा धोका तिथेही आहेच, म्हणून तेही डेस्कटॉपच्या प्रोग्रामपुरतं ठेवा.

कुठल्याही पोर्टलला सहा आकडी कोड देणारं ऑथेंटिकेटर लागत असेल तर त्याचं गुपित पासवर्डाशेजारी क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये ठेवून स्क्रिप्टलाच कोड काढायला लावू नका. मग दोन पायऱ्यांची एकच होते. कोड फोनवरच राहू द्या.

रात्री कुणी नसताना स्क्रिप्ट चालवायची आहे, असं तुम्ही शेवटी विचारलंय. टास्क शेड्युलरमध्ये ‘युजर लॉगिन असो वा नसो’ हा पर्याय निवडला तर स्क्रिप्टला डेस्कटॉपच मिळत नाही, त्यामुळे खिडक्या उघडणं आणि टाइप करणं चालत नाही. मग लोक मशीन आपोआप लॉगिन होईल असं करतात, आणि जुन्या सूचना वाचून विंडोजचा पासवर्ड रजिस्ट्रीत डिफॉल्ट-पासवर्ड या नावाखाली उघडा लिहून ठेवतात. करायचंच असेल तर मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्समधलं ऑटोलॉगऑन वापरा. ते पासवर्ड एलएसए सीक्रेट म्हणून, म्हणजे विंडोजच्या राखीव साठ्यात, कूटबद्ध ठेवतं. ॲडमिनला तोही काढता येतो, म्हणून हे काम वेगळ्या, कुलूपबंद खोलीतल्या मशीनवर, वेगळ्या विंडोज खात्यात, आणि ईआरपीत फक्त अहवाल पाहू शकणाऱ्या युजरने करा. तुमचं काम रात्री साठ्याचा अहवाल काढण्याचं आहे. त्याला बिल बनवायचे अधिकार लागत नाहीत.

लॉगिन फसलं तर पुन्हा प्रयत्न करणारा लूप स्क्रिप्टमध्ये असेल तर तो काढा. पासवर्ड बदललाय आणि नोंद जुनी आहे, अशा वेळी स्क्रिप्ट ओळीने चुकीचे प्रयत्न करते आणि खातं लॉक होतं. महिनाअखेरीस हे झालं तर अख्खा विभाग थांबतो. एकदाच प्रयत्न, नाहीतर संदेश दाखवून थांबायचं.

आणि आजच्या आज करायचं ते: तिन्ही पासवर्ड बदला. नव्या व्यवस्थेची वाट न पाहता, आधी. जुनी स्क्रिप्ट सामायिक फोल्डरमध्ये होती, तिच्या प्रती कुठे कुठे आहेत हे आता कुणालाच सांगता येणार नाही: कुणाच्या पेनड्राइव्हवर, कुणाच्या ईमेलमध्ये, डेस्कटॉपचा बॅकअप घेणाऱ्या वनड्राइव्हवर. गिटमध्ये (कोडच्या जुन्या आवृत्त्या जपणारं साधन) ठेवली असेल तर ओळ पुसून नवी आवृत्ती नोंदवली तरी जुन्या इतिहासात ती राहते. प्रती शोधत बसण्यात अर्थ नाही. पासवर्ड बदलला की त्या सगळ्या एकदम निकामी होतात. ईआरपीचा पासवर्ड दुपारच्या सुट्टीत बदला, चौघांना आधी सांगून, म्हणजे कुणाचं अर्धं भरलेलं व्हाउचर अडकणार नाही.